बोटांच्या जागा

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

अक्षर वाईट येतंय. तरी लिहितो. हॉटेलच्या बॉयलरची नोंद मी एकाही पाळीला चुकवत नाही, मग हीच का चुकवायची?

सकाळी चर्चमधली मिस्सा आटपून नेहमीसारखा झल्लाक गावात हारुको-सानच्या मातीकामाच्या स्टुडिओत गेलो. दार उघडं होतं. चाक फिरत होतं, वर मातीचा गोळा कलंडलेला, आणि हारुको-सान खाली फरशीवर भिंतीला टेकून बसलेल्या. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. डाव्या हाताने त्यांनी चाकाकडे खूण केली. मी आधी चाक बंद केलं आणि मग अँब्युलन्सला फोन लावला.

त्यांना नेलं त्याच हॉस्पिटलात माझी बायको कॅरोलिन नर्स आहे. तिने मला कॉरिडॉरमध्येच धरलं.

"बाई पडल्यात आणि तू चाक बंद करत बसलास?"

"त्यांनीच खूण केली."

"त्या करतीलच. तुझं डोकं कुठे होतं?"

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला. जीव वाचला. उजव्या हाताबद्दल डॉक्टर काहीच सांगत नाहीत.

१९ जानेवारी, रविवार

काम संपवून स्टुडिओची चावी घेऊन गेलो. चाकावरची माती काढली, पाण्याचे टब धुतले. मग मागच्या खोलीतल्या फळ्यांसमोर उभा राहिलो. जून-जुलैपासून त्यांनी केलेलं सगळं तिथे आहे. वाट्या, पेले, ताटल्या आणि एक मोठी बरणी. सगळ्यांची पहिली भाजणी झालेली, पण अजून लेप नाही. लेप म्हणजे भांड्यावरची काच. तो देऊन दुसऱ्यांदा भाजलं नाही तर ही सगळी नुसती गुलाबी कोरडी माती आहे, पाणी पिऊन टाकणारी.

आणि ईदनंतर, दहा एप्रिलला, मनामात त्यांचं प्रदर्शन. गॅलरीच्या हुदाबाईंचा फोन आला होता. त्यांचा ओसाकाचा पुतण्या प्रदर्शन झालं की त्यांना कायमचं घेऊन जाणार आहे. म्हणजे या फळ्यांवर आहे ते शेवटचं. चाळीस वर्षं ही बाई इथे मातीत बसली. वडील जपानात नावाजलेले कुंभार, पण मुलीला भट्टीजवळ उभं राहू देत नसत. नवरा जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनीयर म्हणून बहारीनला आला, आणि इथे त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. तो गेला, त्या राहिल्या. इथली माती, इथल्या खजुराच्या झावळ्यांची राख. या रंगाची भांडी जगात दुसरीकडे होत नाहीत, असं जपानी लोक येऊन सांगतात. ते त्यांना सेन्सेई म्हणतात. म्हणजे गुरुजी.

मी म्हणत नाही. मी नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या भट्टीचा बर्नर दुरुस्त करायला गेलो होतो. पुढे जे शिकलो ते स्वतः बघून, स्वतः चुकून. त्यांनी मला एक अक्षर शिकवलेलं नाही. दिवसभर शेजारी बसायच्या आणि बोलायच्या नाहीत. माझी वाटी बिघडली की उचलून परत मातीच्या टबात टाकायच्या, बस.

हुदाबाईंनी विचारलं, "हे पुरं कोण करील?"

मी म्हणालो, "मी आहे ना."



२४ जानेवारी, शुक्रवार

हॉस्पिटल. त्यांना शब्द एकेक येतो. आमचं बोलणं पहिल्यापासून मोडकं इंग्रजी आणि मोडकं अरबी. इथे मराठीत लिहितो.

"भांडी," त्या म्हणाल्या.

"मी करतो. काळजी करू नका."

त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं वाकवून हवेत धरली, वाटी बुडाशी पकडावी तशी. "हाताने," म्हणाल्या. परत तेच केलं. परत "हाताने." घामाघूम झाल्या. कॅरोलिनने मला बाहेर काढलं. म्हणाली, फिजिओवाला बोटांचे व्यायाम देतो, ते करत असतील. मलाही तसंच वाटलं. पण डावा हात तर धड आहे. त्याला व्यायाम कशाला?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

महमूद सित्र्याहून गॅसचे सिलिंडर घेऊन आला. हा रत्नागिरीचा, गॅस आणि वेल्डिंगच्या सामानाचा धंदा करतो. नऊ वर्षं भट्टीला गॅस त्याचाच. लेपासाठी मी अंगणात पिंपात झावळ्या जाळत होतो. राख धुवायची, चाळायची, परत धुवायची. घाई केली की लेपाला फोड येतात.

"विल्फ्रेडभाय, लोक राख नदीत सोडतात. तू गाळून पाणी फेकतोस नि राख ठेवतोस."

"तुला कळणार नाही."

"नको कळू दे. सुलेमानी चहा आहे का? आणि तो तुझा चिमटा कुठाय? पेटंट घेतलंस की नाही?"

चेष्टा करो. चिमटा भिंतीवर त्याच्या खिळ्याला आहे. हॉटेलच्या किचनने मोडीत काढलेल्या दोन चिमट्यांतून मी तो केला. टोकं कानशीने सुईसारखी केलीत. लेपात बुडवताना भांडं त्यात धरलं की डाग राहतो तो मोहरीएवढा, तोही वितळून नाहीसा होतो. हारुको-सान मात्र पहिल्यापासून बोटांनी बुडाशी धरून बुडवतात. जिथे बोटं, तिथे लेप लागत नाही. त्यांच्या प्रत्येक भांड्याला बुडाशी तीन उघडे डाग असतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्या एका वाटीचे ते डाग ब्रशने गुपचूप भरले होते. त्यांनी ओला स्पंज घेतला आणि पुसून टाकले. काही बोलल्या नाहीत. मला कळलं, ब्रशचा थर वेगळा दिसतो. म्हणून तर मी चिमट्याच्या मागे लागलो. तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "फार हुशार." एवढी तारीफ त्यांच्या तोंडून मी दुसऱ्या कशाचीही ऐकली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल आणि आज लेप दिला. कंबर मोडली. एकही थेंब ओघळलेला नाही, एकही डाग नाही. त्यांच्या हाताला इतकी सफाई तरुणपणी तरी होती का? हे लिहायला नको होतं. खोडत नाही. मनात आलं ते आलं.

फक्त मोठी बरणी राहिली. चिमट्यात मावत नाही आणि वजनाने निसटेल. हिच्यामुळे उशीर होणार. तिला बाजूला ठेवली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे उजाडताच भट्टी पेटवली. दुपारपर्यंत सगळं बरोबर चढत होतं. मग ज्योत आखडायला लागली. निळी होती ती पिवळी, आणि भोकातून बघतो तर आत धूर. सिलिंडरला हात लावला तर बर्फ धरलेला. थंडीत एकदम गॅस ओढला की सिलिंडर गोठतो, हे मला माहीत आहे. मीच इतरांना सांगतो. आणि मीच विसरलो. भट्टीची आच आत्ता पडली तर अर्धवट वितळलेला लेप फेसाळून बसेल आणि सगळं जाईल.

महमूदला फोन केला. हूरा भागात नमाज आटपून जेवत होता. हात न धुता आला असावा, बोटांना मसाला होता.

"पाणी तापव."

"तापवलंय."

"टबात ओत, सिलिंडर त्यात उभा कर. उकळतं नको, कोमट. उडवशील आपल्याला दोघांना."

"मला शिकवू नकोस."

"मग बोलावलंस कशाला, सेल्फी काढायला?"

तो पाणी बदलत राहिला आणि मी ज्योतीकडे बघत राहिलो. भट्टीच्या भोकासमोर मातीचे छोटे सुळके उभे असतात, हवी तेवढी आच झाली की माना टाकतात. शेवटचा सुळका उन्हं उतरताना वाकला. मी गॅस बंद केला. महमूद म्हणाला, "खलास? झालं?" मला "हो" म्हणता येईना. खरं काय ते उघडल्यावरच कळतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

उघडली. मी नऊ वर्षांत इतकी निर्दोष भट्टी बघितलेली नाही. एकाही भांड्याला तडा नाही. लेप खाऱ्या पाण्यासारखा हिरवा, बुडापर्यंत अखंड. प्रत्येक भांडं फिरवून बघितलं, बुडाशी नख फिरवलं. कुठे अडत नाही.

दर भट्टीनंतर हारुको-सान टॉवेलात गुंडाळून कितीतरी भांडी हातोडीने फोडतात. त्यांना पटलं नाही की फोडायचं, बाहेर जाऊ द्यायचं नाही. यातलं एकही फोडायला त्यांना कारण सापडणार नाही.

एक पेला घरी आणला. आमच्याकडे त्यांनी दिलेला एक जुना आहे, मुलगी फियोना लहानपणापासून त्यातच दूध पिते. नवा तिच्या हातात दिला. तिने इकडून तिकडून धरून बघितला.

"डॅडी, व्हेअर डू आय होल्ड इट?"

"कुठेही धर. पेलाच आहे."

"नो, बट द फिंगर प्लेसेस..." आणि स्वतःचा जुना पेला घेऊन खोलीत गेली. सोळा वर्षांची झाली, नवीन वस्तूची कदर नाही.

५ मार्च, राखेचा बुधवार

मिस्सा करून कपाळावर राख घेऊन तसाच हॉस्पिटलात गेलो. सोबत कापडात गुंडाळलेली एक वाटी, सगळ्यात चांगली.

हारुको-सान खुर्चीत बसल्या होत्या. वाटी काढायच्या आधीच त्यांनी मला खाली वाकायची खूण केली, माझ्या कपाळावरची राख डाव्या अंगठ्याने पुसली, दोन बोटांत चोळून बघितली.

"कोणतं झाड?"

"खजूर. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात चर्चमध्ये."

"जाड. चाळली नाही," त्या म्हणाल्या.

कॅरोलिन शेजारी उभी होती, ती खो खो हसली. मग मी वाटी दिली. मांडीवर ठेवून त्यांनी ती डाव्या हाताने फिरवली. बोटं बुडाशी नेली आणि सगळीकडून चाचपडली, अंधारात स्विच शोधावा तशी. परत एकदा पूर्ण फिरवली.

"छान," म्हणाल्या. "स्वच्छ." मग माझ्याकडे बघून, "कोणाची?"

"तुमची, हारुको-सान. तुम्ही केलेली. सप्टेंबरमध्ये."

त्यांनी वाटी माझ्या हातात परत दिली आणि खिडकीकडे बघायला लागल्या.

बाहेर मी कॅरोलिनला म्हणालो, "स्मरण गेलं. स्वतःची वाटी ओळखेनात. डॉक्टरांना सांग."

"स्मरण? माझी ड्युटी कधी बदलते ते मला त्या सांगतात. फियोनाच्या परीक्षेची तारीख त्यांच्या लक्षात आहे, तुझ्या आहे का?"

"मग वाटी का नाही ओळखली?"

"ते तू त्यांना विचार ना. नऊ वर्षांत एकदा तरी काही विचारलंयस?"

प्रत्येक गोष्ट माझ्यावर आणून ठेवायची हिला सवय आहे. पण जेवण गेलं नाही. उपास होताच म्हणा.

११ मार्च, मंगळवार

हुदाबाई खोके आणि भुशाची पोती घेऊन आल्या. भांडी बघून आधी "माशाल्ला" म्हणाल्या. मी खूश. मग एकेक वाटी उपडी करायला लागल्या. एक, दुसरी, तिसरी. चेहरा उतरत गेला.

"विल्फ्रेड, ही तुमची झाली. फार सुंदर आहेत. त्यांची कुठे आहेत?"

"ही त्यांचीच."

"नाहीत."

"मॅडम, माझ्या डोळ्यांसमोर चाकावर केलीत त्यांनी. मी फक्त लेप दिला."

त्यांनी फळीवरची एक जुनी वाटी आणली. "हात द्या." माझा हात धरून बोटं त्या तीन उघड्या डागांवर ठेवली. माझी बोटं त्या जागांपेक्षा मोठी आहेत, तरी वाटी हातात अशी बसली की सोडवेना. हुदाबाई म्हणाल्या, "त्यांनी आयुष्यात भांड्याखाली शिक्का मारला नाही, नाव कोरलं नाही. ही सही आहे त्यांची. वडिलांनी स्वतःचा शिक्का देईन म्हणून शेवटी बोलावलं होतं, या गेल्या नाहीत. म्हणाल्या, माझा हात आहे तेवढा पुरे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारी बसतो.

"मला वाटलं ती चूक आहे," मी म्हणालो.

हुदाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उपड्या केलेल्या वाट्या परत फळीवर मांडल्या आणि रिकामे खोके घेऊन गेल्या.

१३ मार्च, गुरुवार

काल एक वाटी हॉटेलच्या वर्कशॉपमध्ये नेली. बारीक ग्राइंडरने बुडाशी तीन जागी लेप उतरवला, जुन्या वाटीवरून माप घेऊन. हे कुणाला सांगणार नाही, पण इथे लिहिलं नाही तर नोंद खोटी होईल. आज स्टुडिओत महमूद भाड्याचे रिकामे सिलिंडर न्यायला आला होता, त्याने बघितली. रोजा होता त्याचा, आवाज बारीक झाला होता, जीभ नाही.

"ही काय, खरूज झालीय?"

"बोटं आहेत."

"बोटं? विल्फ्रेडभाय, टक्कल पडलंय हिला."

खरं बोलला. त्यांच्या डागाच्या कडेला लेप जाड होऊन थांबतो, गोठलेल्या लाटेसारखा. माझ्या खोट्या डागाची कड कापलेली आहे. वाटी मी टॉवेलात गुंडाळली, हातोडीने फोडली. त्यांचं सहा-सात महिन्यांचं काम माझ्या हुशारीने पुसलं गेलं. त्यांना जाऊन सांगायला हवं. जीभ उचलत नाही. त्यांना कळलं आहे, हेही मला माहीत आहे. पाच तारखेलाच कळलं होतं. तरी मी त्यांचीच आठवण गेली म्हणत सुटलो.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं. उभ्यानेच, शाळेत सांगतात तसं. चिमट्याचं, ब्रशचं, ग्राइंडरचं, सगळं.

त्या ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "किती फोडली?"

"एक."

"खलास. आणखी नाही." मग शब्द शोधत, तुकड्या-तुकड्याने, "चांगली भांडी. माझी नाहीत. प्रदर्शनात नाहीत."

म्हणजे शेवटच्या वर्षाचं प्रदर्शनात काहीच नाही. माझ्यामुळे. मी मान खाली घातली. त्यांनी चप्पल माझ्या बुटावर आपटली.

"मोठी?"

मला आधी कळेना. मग आठवलं. बरणी! चिमट्यात मावली नाही म्हणून बाजूला ठेवलेली. अजून कोरडी आहे.

"आहे," मी म्हणालो. "तशीच आहे."

"यल्ला," त्या म्हणाल्या. म्हणजे चल.

२१ मार्च, शुक्रवार

कॅरोलिनने डॉक्टरांच्या मागे लागून तीन तासांची परवानगी काढली आणि स्वतः व्हीलचेअर ढकलत आली. स्टुडिओत शिरल्या शिरल्या हारुको-साननी नाक वर करून वास घेतला आणि टबाकडे बोट केलं. म्हणजे लेप खाली बसलाय, ढवळ. बरोबर होतं त्यांचं.

बरणी उपडी करून बुडाशी धरायची आणि गळ्याकडून लेपात सोडायची, धरलेल्या बोटांपर्यंत. दोन हात लागतात. त्यांचा एकच आहे. मी म्हणालो, मी दोन्ही हातांनी धरतो, तुम्ही सांगा. त्यांनी मान हलवली. माझा डावा हात धरला आणि खाली ठेवला. उजवा हात बरणीच्या एका बाजूला लावला. माझी बोटं एकेक उचलून त्यांनी जागेवर बसवली, अंगठा थोडा खाली ओढला. मग दुसऱ्या बाजूला आपला डावा हात.

वजन जवळजवळ सगळं माझ्या एका मनगटावर. त्यांचा हात नुसता टेकलेला. सुटली तर टबात फुटणार. सुटली तर दुसरी नाही.

"हारुको-सान, मी चिमट्याने आधार देऊ का खालून?"

कॅरोलिन म्हणाली, "विल्फ्रेड, गप्प बस."

सोडली. लेप गार, दह्यासारखा दाट. तो माझ्या बोटांपर्यंत चढला, वर आला, त्यांच्याही बोटांवर आला. त्या काही मोजत नव्हत्या. मी तोंडातल्या तोंडात मोजत होतो आणि मधेच आकडा हरवला. मग त्यांच्या बोटांनी किंचित दाब दिला, आणि मला कळलं की आता. वर काढली.

एका बाजूला तीन लहान जागा, एका बाजूला माझ्या तीन मोठ्या आणि एक अंगठा. माझा हात सवयीने ब्रशकडे गेला. खरंच गेला. त्यांनी बघितलं. मी हात मागे घेतला.

२८ मार्च, शुक्रवार

भट्टी. आत बरणी आणि भोवती जागा भरायला माझ्या वाट्या, अर्धी रिकामी भट्टी नीट तापत नाही म्हणून. सिलिंडर सकाळपासून कोमट पाण्यात. महमूद रोजा असूनही दिवसभर बसला होता. म्हणाला, "उपाशी माणसाला आग बघायला आवडते." दुपारनंतर वारा सुटला तेव्हा भट्टीसमोर पत्रा धरून उभा राहिला. मी त्याला कधी धन्यवाद म्हटलेलं नाही. आज म्हटलं तर घाबरला, "काय रे, बरा आहेस ना?"

मला बरं वाटत नाहीये. बरणी मोठी आहे, कुठे केसाएवढी चीर राहिली असली तरी पुरे.

३० मार्च, रविवार, ईद

उघडली तेव्हा महमूद नव्या कपड्यात शीरखुर्मा घेऊन आला होता. कॅरोलिन हारुको-सानना घेऊन आलेली. मी दार पूर्ण उघडलं नाही. फटीतून हात घातला, गळा चाचपला, पोट, बूड. तडा नाही. मग बाहेर काढली.

ती माझ्या वाट्यांइतकी सफाईदार नाही. लेप एका अंगाला जाड ओघळलाय, माझी पकड त्यांच्यापेक्षा घट्ट असल्याने तिरपी बुडाली होती. ओघळ खाली येत येत बोटांच्या जागांपाशी थांबलाय आणि कडेला हिरव्याचा निळा झालाय. असा निळा मी मुद्दाम करायचा म्हटलं तर येणार नाही.

बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली. "गरम आहे अजून," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. डाव्या हाताची बोटं आपल्या जागांवर ठेवली. मग बरणी फिरवून माझ्या जागांवर ठेवली. त्यांची बोटं त्यात लहान मुलाने बापाची चप्पल घालावी तशी दिसत होती. तिथे बराच वेळ ठेवली.

या वेळी त्यांनी विचारलं नाही, कोणाची.

१० एप्रिल, गुरुवार

प्रदर्शन. चाळीस वर्षांची भांडी लोकांकडून मागून आणलेली, आणि मधोमध एकटी बरणी. आल्या-गेल्याला पुदिन्याचा चहा माझ्या त्या "स्वच्छ" पेल्यांतून दिला. ही हारुको-सानचीच सूचना. "चांगली भांडी," त्या पुतण्याला म्हणाल्या, "चहाला." मला टोचलं. पण लोक पेला हातात धरून बरणीभोवती फिरत होते, ते बरं दिसत होतं.

हुदाबाईंनी माइक लावायच्या आधी मला विचारलं, "तुमची ओळख काय करून देऊ? स्वतः शिकलेले, असंच ना? तुम्ही नेहमी तसंच सांगता."

मी म्हणालो, "आज ओळख नको."

"का?"

"मला नीट सांगता यायचं नाही. बरणी दाखवा ना."

१२ एप्रिल, शनिवार

विमान संध्याकाळचं. पुतण्याने सामान बांधलं, दोनच बॅगा. चाक, भट्टी, राखेची पिंपं इथेच. चावी माझ्या खिशात आहे, ती त्यांनी मागितली नाही. मी द्यायला काढली तर हात बाजूला केला.

निघताना व्हीलचेअर भिंतीपाशी थांबवायला लावली आणि वर बोट केलं. चिमटा.

"मला दे."

"हा? हारुको-सान, हा कशाला?"

"फार हुशार," त्या म्हणाल्या. "मी नेते."

मी तो पुसून, टोकांना कापड गुंडाळून दिला. खरं सांगतो, ऊर भरून आला. शेवटी त्यांना चिमट्याची किंमत कळली. जपानात कुणाला तरी दाखवतील. गाडीत बसेपर्यंत त्यांनी तो मांडीवर धरून ठेवला होता. विमानतळावरून परत येताना मी कॅरोलिनला हे सांगितलं तर ती मुहर्रकचा पूल संपेपर्यंत हसत होती. का, ते सांगेना.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमधून आणलेली झावळी स्टुडिओच्या दारावर लावली. वाळली की पिंपात.

माझ्या सहा वाट्या लेपासाठी थांबल्या होत्या. राख ढवळली. हात भिंतीकडे गेला तर खिळा रिकामा. दुसरा चिमटा करायला काय लागतं? किचनमधले दोन जुने मिळतील, कानस आहे, एका दुपारचं काम. तोवर थांबावं असंच ठरवलं होतं. पण लेप ढवळून झाला होता.

पहिली वाटी बुडाशी धरली. तीन बोटं. अंगठा थोडा खाली ओढला. बुडवली. मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

वाळायला ठेवल्यावर बुडाशी तीन गुलाबी जागा उघड्या दिसत होत्या. भयंकर दिसतात. ब्रश लेपात बुडवून हातात घेतला होता. फरशीवर थेंब पडत होते. शेवटी नळाखाली ब्रश धुतला, आणि खिळ्याला तो टांगून ठेवला.

मग दुसरी वाटी घेतली.